सहा दिवसांची गोष्ट खरी की खोटी?



दृढीकरणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "फादर, शाळेत बाई सांगतात पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे. बायबलमध्ये देवाने सहा दिवसांत सगळे केले असे लिहिले आहे. मी परीक्षेत काय लिहू?" मी म्हटले, "बाईंनी शिकवले तेच लिही." मुलगा खूश झाला. त्याची आई मात्र मागेच उभी होती, तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "फादर, आज तुम्ही म्हणता सहा दिवस शब्दशः घ्यायचे नाहीत. उद्या पुनरुत्थानही शब्दशः घेऊ नका म्हणाल. मग आमच्या हातात काय उरले?"

मुलाचा प्रश्न सोपा होता, आईचा तसा नाही. देवळाच्या पायरीवर दोन वाक्यांत देण्यासारखे त्याचे उत्तर नव्हे. शिवाय असा प्रश्न मनात असलेली ती एकटीच नाही. पुष्कळ जण तो मनात ठेवतात, कारण फादरांना विचारले तर श्रद्धा कमी आहे असे वाटेल अशी त्यांना भीती असते. म्हणून आज पत्रिकेतील हे पान त्यासाठी घेत आहे.

प्रथम बायबल उघडू या. उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली दोन पाने पुरेत. पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी झाडेझुडपे येतात, पाचव्या दिवशी मासे व पक्षी, सहाव्या दिवशी जनावरे आणि सर्वांत शेवटी मानव, नर आणि नारी दोघे एकदमच. आता दुसरा अध्याय, चौथ्या ओवीपासून पुढे वाचा. येथे जमिनीवर अजून रोपटेसुद्धा उगवलेले नाही, कारण पाऊस पडलेला नाही आणि जमीन कसायला माणूस नाही. देव आधी मातीपासून पुरुष घडवतो, मग बाग लावतो, मग पशुपक्षी घडवून नावे ठेवण्यासाठी त्याच्याकडे आणतो आणि शेवटी स्त्रीला निर्माण करतो. म्हणजे क्रम जवळजवळ उलटा!

या दोन अध्यायांना आपण पोलिसांचा पंचनामा समजलो तर त्यातला एक खोटा ठरतो. पण ज्यांनी हे पवित्र ग्रंथ एकत्र केले ती माणसे अडाणी नव्हती. लागून असलेल्या दोन पानांतील फरक दृढीकरणाच्या वर्गातील मुलालाही दहा मिनिटांत दिसतो. त्यांना तो दिसला नसेल काय? दिसला. तरी त्यांनी एक कथा खोडून दुसरी ठेवली नाही, की दोघींचा मेळ घालत बसले नाहीत. दोन्ही कथा देवाच्या लोकांच्या होत्या आणि दोन्हींत सत्य होते, म्हणून दोन्ही ठेवल्या. यावरून एक गोष्ट उघड होते. घटनांचा क्रम नोंदवून ठेवणे हे त्यांचे काम नव्हतेच.

आणखी एक पाहा. सूर्य निर्माण होतो चौथ्या दिवशी. त्याआधी तीन वेळा संध्याकाळ झाली, सकाळ झाली! सूर्याशिवाय सकाळ कशी होणार, हा प्रश्न तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने विचारला होता. तेव्हा डार्विन जन्माला यायला सोळाशे वर्षे अवकाश होता. विज्ञानाने कोंडीत पकडले म्हणून ख्रिस्तसभेने अर्थ बदलला, असे जे म्हणतात त्यांना हे सांगावे.

मग लेखकाला सांगायचे काय होते? रचना नीट पाहिली की कळते. पहिले तीन दिवस देव जागा तयार करतो: उजेड आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. पुढचे तीन दिवस त्याच क्रमाने तो त्या जागा भरतो: सूर्य-चंद्र-तारे, पक्षी व मासे, जनावरे व माणूस. घर बांधणारा आधी खोल्या काढतो आणि मग माणसे राहायला येतात, तसे हे आहे. आणि सातवा दिवस विसाव्याचा. हे उपासनेसाठी रचलेले लिखाण आहे. म्हणूनच ईस्टरच्या जागरणविधीत आपण ते पहिले वाचन म्हणून मेणबत्तीच्या उजेडात ऐकतो.

बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या अध्यायाला आजचे रूप ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात, बाबिलोनच्या बंदिवासाच्या सुमारास आले. जेरुसलेम पडले होते, मंदिर जळाले होते, लोक परदेशी नेले गेले होते. तेथे त्यांच्या कानावर दुसरीच सृष्टिकथा पडत होती. त्या बाबिलोनी काव्याच्या मातीच्या फळ्या एकोणिसाव्या शतकात निनवे येथील उत्खननात सापडल्या आणि जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने १८७६ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्या कथेत मार्दुक हा देव तियामत या देवीला ठार मारून तिच्या देहाचे दोन भाग करतो, एकाचे आकाश बनवतो. माणूस कशासाठी? देवांचे कष्ट वाचावेत म्हणून, एका बंडखोर देवाच्या रक्तापासून. म्हणजे जग लढाईतून जन्मले आणि माणूस वेठबिगारीसाठी.

हे ऐकत राहणाऱ्या हरलेल्या लोकांसमोर उत्पत्तीचा पहिला अध्याय ठेवा. येथे लढाई नाही, रक्त नाही. देव बोलतो आणि होते. बाबिलोनचे लोक ज्यांची पूजा करत त्या सूर्य आणि चंद्राला लेखक नावानेही संबोधत नाही, मोठा दिवा आणि छोटा दिवा म्हणून सोडून देतो. टांगून ठेवलेल्या दिव्याला कोण घाबरेल? आणि त्या काळी देवाची प्रतिमा म्हणून मान असे राजाचा. येथे लेखक म्हणतो, देवाची प्रतिमा प्रत्येक माणूस आहे, पुरुष आणि स्त्री दोन्ही. बंदिवानांना, मजुरांना हे सांगणे म्हणजे केवढे धाडस! आपण मात्र या अध्यायापाशी येऊन विचारतो, दिवस चोवीस तासांचा होता काय?

आता 'शब्दशः' या शब्दाविषयी थोडे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक सूत्र आम्हाला घोटून घ्यावे लागले होते. ते असे की शास्त्रवचनाचा शब्दशः अर्थ म्हणजे लेखकाला जे म्हणायचे होते तो अर्थ. शास्त्रात 'देवाचा बाहू' असे येते तेव्हा देवाला हाडामांसाचा हात आहे हा शब्दशः अर्थ नव्हेच. देवाचे सामर्थ्य, हाच त्याचा शब्दशः अर्थ. वरवर विचित्र वाटते, पण आपण मराठीत रोज हेच करतो. "त्यांनी यंदा मुलीचे हात पिवळे केले" असे कोणी सांगितले तर आपण हळद कुठल्या दुकानातून आणली असे विचारत नाही, लग्न कुठे झाले ते विचारतो. "त्या घरी चार दिवस चूल पेटली नाही" म्हटले की घरात चूल नसून गॅस आहे, असे सांगून कोणी बोलणाऱ्याला खोटे पाडत नाही. घरात अन्न शिजले नाही, हे दुःख खरे असते. लाक्षणिक बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. कधीकधी खरे बोलायला दुसरा मार्गच नसतो.

दावीद राजाची गोष्ट आठवा. त्याने उरियाची बायको घेतली, उरियाला मारवले आणि वर निवांत राहिला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली: एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी आणि ती हिरावून घेणारा श्रीमंत. दावीद संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा देऊ लागला आणि नाथानने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस. त्या मेंढीचा जन्म कुठल्याही गोठ्यात झाला नव्हता. पण त्या दिवशी राजवाड्यात त्या गोष्टीइतके खरे कोणी काही बोलले नाही.

आपल्या भाषेतले उदाहरणही आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात राहून 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि आरंभ सृष्टीच्या निर्मितीपासून. त्यांनी पुराणाचा बाज का निवडला? कारण ज्या लोकांसाठी ते लिहीत होते त्यांना पुराण कसे ऐकायचे ते ठाऊक होते. ओवी ऐकताना कोणी गणित मांडून बसत नाही. (योगायोग असा की त्याच १६१६ साली रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली. एकीकडे आपले एक धर्मगुरू लेखनाचा प्रकार ओळखून लिहीत होते, दुसरीकडे काही जण स्तोत्रांतून आणि यहोशवाच्या पुस्तकातून खगोलशास्त्र काढत होते.)

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. सहा दिवस लाक्षणिक, तर पुनरुत्थान का नाही? रेघ ओढायची कुठे?

रेघ आपल्या सोयीने ओढायची नसते, ती लेखकाने ओढलेली असते. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळींत सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती आपण काळजीपूर्वक तपासून लिहीत आहोत. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला त्यांची यादीच देतो आणि त्यांतले पुष्कळ जण अजून हयात आहेत असे बजावतो. म्हणजे जा, विचारा! आणि पुढे असेही म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमची श्रद्धा व्यर्थ. ही साक्षीदाराची भाषा आहे. तिला लाक्षणिक म्हणणे म्हणजे पौलाला जे म्हणायचे होते ते नाकारणे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला साक्षीदार असणारच कसा? माणूस तर त्या कथेत सर्वांत शेवटी येतो. ईयोबच्या पुस्तकात देव ईयोबला नेमके हेच विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?

तेव्हा एकच नियम दोन्हीकडे लागतो. लेखक काय सांगतो आहे आणि कोणत्या प्रकारचे लिखाण करतो आहे ते पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात हेच सांगितले आहे. या नियमाने सहा दिवस लाक्षणिक ठरतात आणि त्याच नियमाने रिकामी कबर लाक्षणिक ठरत नाही.

संत ऑगस्टीन तर याच्याही पुढे गेले. उत्पत्तीवर त्यांनी आयुष्यात पुन्हापुन्हा लिहिले, समाधान होईना म्हणून. त्यातला मोठा ग्रंथ त्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी पंधराएक वर्षे खपून पूर्ण केला. त्याचे नावच 'उत्पत्तीचा शब्दशः अर्थ' असे आहे आणि त्यात निष्कर्ष असा की हे दिवस आपल्यासारखे सूर्याचे दिवस नव्हेत, देवाने सर्व काही एकदमच निर्माण केले! त्याच ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती लोकांना कडक शब्दांत तंबी दिली आहे. तिचा आशय असा: तारे, ऋतू, प्राणी यांविषयी बाहेरच्या लोकांना अभ्यासाने पक्के ठाऊक असते. आपण बायबलचे नाव घेऊन त्यांच्यासमोर काहीतरी भलतेच बोललो, तर ते हसतील. आपल्याला हसले तर हरकत नाही. पण ज्या गोष्टी त्यांना माहीत आहेत त्यांत आपली पुस्तके चुकीची आहेत असे त्यांना वाटले, तर मृतांच्या पुनरुत्थानाविषयी ते या पुस्तकांवर विश्वास का ठेवतील?

भगिनींनो, बंधूंनो, हे लक्षपूर्वक पाहा. त्या आईला वाटले, सहा दिवस सोडले तर पुनरुत्थान धोक्यात येईल. ऑगस्टीन म्हणतात, अशा गोष्टींचा हट्ट धराल तर पुनरुत्थान धोक्यात येईल! आपली जी मुले कॉलेजात गेल्यावर देवळात येईनाशी होतात, त्यांतल्या काहींशी मी बोललो आहे. काहींच्या बाबतीत कारण साधा आळस आहे, ते मी मान्य करतो. पण काही जणांना लहानपणी कोणीतरी सांगितलेले असते की हे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे आहे, घ्यायचे तर पूर्ण घ्या. ते सरळमार्गी असतात, म्हणून पूर्ण टाकून देतात.

ऑगस्टीनची ही तंबी ख्रिस्तसभेलाही नेहमी आठवली नाही. गॅलिलिओने १६१५ साली एका राजमातेला लिहिलेल्या पत्रात तिचाच आधार घेतला होता, तरी १६३३ साली त्याला दोषी ठरवण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्यावेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली. सृष्टिकथेबाबत मात्र आपली ख्रिस्तसभा तशी सावध राहिली. पोपच्या बायबल आयोगाने १९०९ साली, अतिशय कडक काळातसुद्धा, 'दिवस' शब्दाचा अर्थ ठरावीक चोवीस तास की काही एक काळ, यावर अभ्यासकांना मोकळेपणाने चर्चा करण्याची मुभा दिली होती.

पण आता दुसऱ्या बाजूची एक चूक. मोबाइलवर संदेश फिरत असतात: बायबलमधला एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षे, 'प्रकाश होवो' म्हणजे महास्फोट, विज्ञानाला आज कळले ते बायबलने आधीच सांगितले. वाचायला बरे वाटते. मला स्वतःला ते मुळीच पटत नाही. हा तोच जुना हट्ट, फक्त कपडे नवे. शिवाय ते जुळतही नाही. झाडे सूर्याच्या आधी कोट्यवधी वर्षे कशी जगली?

याबाबतीत फादर जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण घ्यावे. हे बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे असे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा अशी कल्पना पुढे आणली. आज ज्याला महास्फोट म्हणतात त्याचे हे मूळ. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या शोधाचा निर्मितीशी संबंध जोडला, तेव्हा आनंद व्हायला हवा होता तो लमेत्र यांना. पण त्यांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे, माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे; देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही तो वापरायला मोकळे आहेत. किती शहाणपण! आज श्रद्धेला एका सिद्धांताचा टेकू दिला आणि उद्या तो सिद्धांत बदलला, तर श्रद्धेचे काय करणार?

निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडलेला प्रसंग, असे आपण धरून चालतो. अक्वायनस यांचे मत होते की जगाला आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते आपण श्रद्धेने मानतो. आणि समजा, जग अनादी असते, तरीही ते देवाने निर्मिलेलेच असते, कारण निर्मिती म्हणजे या क्षणीही असण्यासाठी देवावर अवलंबून असणे. गाणे गायकावर अवलंबून असते तसे. गायक थांबला की गाणे कुठे ठेवलेले सापडत नाही. म्हणून जग किती जुने आहे याचे उत्तर काहीही येवो, जग मुळात आहेच का, हा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

आदाम आणि एवा यांच्याविषयीही पुष्कळ जण विचारतात. त्यासाठी एक वेगळे पान लागेल. येथे इतकेच की आपला धर्मशिक्षण ग्रंथ तिसऱ्या अध्यायाची भाषा लाक्षणिक आहे असे सांगतो आणि त्याच वेळी हेही सांगतो की ती भाषा मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेल्या पतनाविषयी आहे. 'आदाम' या हिब्रू शब्दाचा अर्थच माणूस. मातीला त्या भाषेत 'आदामा' म्हणतात. पाप उघडे पडल्यावर आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि ती तूच दिलीस म्हणून देवालाही त्यात ओढतो. असा माणूस शोधायला एदेन बागेपर्यंत जावे लागत नाही.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. सहा दिवस शब्दशः मानायला काही खर्च येत नाही. मान डोलावली की झाले. लेखकाला जे म्हणायचे आहे ते मानायला मात्र खर्च येतो. सातवा दिवस घ्या. निर्गमच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा सृष्टीच्या सातव्या दिवसावर उभी आहे आणि ती कोणाकोणाला लागू आहे ते मोजून सांगितले आहे: मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, जनावरे आणि आपल्या वस्तीत राहणारा परका. आपण रविवारी मिस्साला येतो आणि विश्रांती घेतो. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना रविवार असतो काय? की पाहुणे येणार म्हणून त्यांना त्या दिवशी दुप्पट काम असते? सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा बाहेरगावचा मजूर, लग्नाच्या हॉलमध्ये रात्री बारापर्यंत ताटे उचलणारी पोरे, या सगळ्यांना बाबिलोनच्या कथेतले माणूस समजायचे की उत्पत्तीतले? सहा दिवस अक्षरशः खरे मानणाऱ्या आणि मोलकरणीचा पगार खाडा धरून कापणाऱ्या माणसाने उत्पत्तीचा पहिला अध्याय मानला, असे मला म्हणता येणार नाही. आणि "फादर, ते सगळे लाक्षणिक आहे हो" असे हसत सांगून तेच करणाऱ्या सुशिक्षित माणसाबद्दलही मला तेच म्हणावे लागेल.

जमिनीविषयीही तसेच. पृथ्वीवर सत्ता गाजवा असे देवाने सांगितले ना, मग झाडे तोडायला आणि विहिरी बुजवायला हरकत काय, असे म्हणणारे भेटतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हा अर्थ चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करायला.

पालकांना एक विनंती. या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलांसोबत उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय लागोपाठ वाचा. सगळे मिळून पाऊण तासही लागणार नाही. एका कागदावर दोन रकाने करून कोणत्या अध्यायात काय आधी आले, काय नंतर, ते मुलांनाच लिहू द्या. त्यांचे जे प्रश्न निघतील ते तुम्हाला सुटले नाहीत तर खोडू नका, कागद तसाच ठेवा. पुढच्या रविवारी आठच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात आपण बसू. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनीही यावे. चहा आहे.

आपला,
फादर